तोलाई

एकोणीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी आहे मी.
गोणी काट्यावर टेकायच्या आत सांगतो,
बावन्न. सव्वाबावन्न.
शालनचं वजन कधी सांगितलं नाही,
तिनंही विचारलं नाही.

नेरूळच्या दवाखान्यात आकडा लाल दिव्यांत उमटला,
एकशे अठरा किलो चारशे.
ती उतरली, चप्पल काढली, परत चढली.

पॅकेज तीन लाख चाळीस, काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.
चकचकीत कागद. वर एक बारीक बाई सफरचंद धरून हसतेय.
पॅकेज म्हणजे टेबल, भूल आणि तीन रात्री.
त्याच्या अलीकडचं आपलं आपण.

अलीकडे काय काय असतं माणसाच्या!
दुर्बीण घालून पोट बघायचं. हृदयाचा इको.
डोक्याला वायरी लावून रात्रभर झोपायचे साडेनऊ हजार,
(ती झोपलीच नाही, झोप लागली नाही तर पैसे बुडतील या धास्तीनं,
म्हणून दुसरी रात्र, परत निम्मे.)
मानसोपचाराच्या मॅडमनी विचारलं,
जेवताना सोबत कोण असतं?
कोणी नाही, सगळ्यांचं उरकल्यावर बसते, शालन म्हणाली.
मी बाहेरच्या बाकावर होतो, दार नीट लागलेलं नव्हतं.
पावती बाराशेची.

विम्यानं फाइल परत पाठवली.
शेरा : सौंदर्यासाठी.
हे मी तिला वाचून दाखवलं तेव्हा ती
कोपरखैरण्याच्या आमच्या लोखंडी जिन्यावर
चौथ्या पायरीला गुडघा धरून बसली होती.
म्हणाली, परत वाचा.
आणि हसायला लागली, एवढी की खालचे पवार बाहेर आले.

मग पतपेढी. मग पाटल्या.
सोनारानं डोळ्यांदेखत घट धरली.
दुसऱ्याच्या काट्यावर बोलायचं नाही, असा आमच्यात रिवाज आहे.
बोललो नाही.

ऑपरेशन चांगलं झालं.

पलीकडचा हिशोब तेव्हा सुरू झाला.
खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं पाणी, टोपणानं ताक.
प्रोटीनचा डबा दोन हजार नऊशेचा, पंधरा दिवसांत तळ दिसतो.
किराणा महिन्याला सहाशेनं उतरला,
डबे पाच हजार आठशेनं चढले.
लोह, कॅल्शियम, बी-ट्वेल्व्हची सुई,
पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने वेगळी गोळी.
चौथ्या महिन्यात मोरीच्या जाळीवर केसांचा गुंता.
डॉक्टर म्हणाले, येतील परत. रक्त तपासून घ्या.
ब्लाउज दोनदा आत घेतले,
तिसऱ्यांदा शिवणारीच म्हणाली, वहिनी, आता कापडच उरलं नाही.

किती वर्षं हे? मी विचारलं.
आयुष्यभर, ते म्हणाले, गोळ्या आणि वर्षातून एकदा रक्त.
आमच्याकडे गाडी खाली झाली की पट्टी होते,
हमाली, तोलाई, वाराई वजा,
खाली सही, मिटलं.
आयुष्यभराची पट्टी मी पाहिलेली नाही.

दंडाखाली कातडी लोंबते तिची.
रिकाम्या गोणीसारखी, असं मनात आलं
आणि स्वतःचीच शिसारी आली.
तीही कापून मिळते. त्याचा कागद वेगळा.
तो तिनं डब्यांच्या मागे सारून ठेवलाय, मला माहीत नाही अशा समजुतीनं.

दिवाळीआधी ती मार्केटात आली, काही कारण नसताना.
चप्पल काढून माझ्याच काट्यावर चढली.
सांगा.
पंच्याऐंशी, मी म्हणालो.
काटा म्हणाला एकोणऐंशी सहाशे.
हमालांनी शिट्ट्या मारल्या. साडेपाच किलोंची चूक,
एवढी मी पहिल्या दिवशीही केली नव्हती.

आता ती आमच्याबरोबर पानावर बसते.
दोन चमचे वरण, बोटभर भाकरी, चाळीस मिनिटं.
ऋतुराज उठून जातो, त्याचा क्लास असतो.
मी थांबतो. ती चावते, मनात बत्तीस मोजते,
मध्येच माझ्या हाताकडे बघते.
उठा आता, म्हणते, वाळला हात तुमचा.